मोहाचं झाड: फुलं वेचण्यापासून तेल-साबणापर्यंत, आग न लावता

शिया बटरची डबी हल्ली औषधांच्या दुकानातही दिसते. ज्या झाडाच्या बियांतून ते लोणी निघतं ते पश्चिम आफ्रिकेतलं, आणि आपल्या मोहाच्याच कुळातलं. चिकू, बकुळ, खिरणी हे या दोघांचे भाऊबंद. माली, बुर्किना फासो, घाना या देशांत शेत साफ करताना शियाची झाडं तोडत नाहीत. ती राखून खाली ज्वारी-बाजरी घेतात. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, पालघरकडे मोहाच्या बाबतीत हेच चालत आलं आहे. फरक इतकाच, की शियाची कमाई मुख्यतः बीवर आहे आणि मोह वर्षातून दोनदा देतो: फाल्गुन-चैत्रात फुलं, ज्येष्ठ-आषाढात बी. ही दोन्ही कामं झाडाला आणि खालच्या जमिनीला धक्का न लावता कशी करायची, ते पुढे आहे.

फुलं पडण्याआधी: झाडाखालची जागा

मोहाची पानं साधारण फेब्रुवारीत गळतात आणि पाठोपाठ कळ्यांचे झुबके येतात. खाली पाचोळ्याचा थर असला तर पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून काडी लावून जागा साफ करायची पद्धत पडली. सोय होते, पण तिची किंमत फार मोठी आहे. मोह, तेंदू, चारोळी यांची हातभर वाढलेली रोपं त्या आगीत जातात. म्हाताऱ्या मोहांखाली एकही तरणं झाड का दिसत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. (उरलेलं निम्मं म्हणजे आपण सगळी बी उचलून नेतो आणि उगवलेलं शेळ्या खातात.) खोडाची साल बुंध्याशी भाजली की तिथून वाळवी आणि कूज आत शिरते. वारा सुटला की आग जंगलात जाते, आणि मग ती कुणाच्या झाडाखालून निघाली हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला खराट्याचा. फुलं पडू लागण्याआधी आठ दिवस फांद्यांच्या घेराखालचा पाचोळा झाडून घेराबाहेर न्या, खड्ड्यात टाका, वर शेणकाला आणि माती घाला. पावसाळ्यानंतर तेच खत झाडालाच परत द्या.

दुसरा मार्ग जाळीचा, आणि तोच चांगला. झाडाचा घेर १० मीटर व्यासाचा असेल तर खालची जागा सुमारे ७८ चौरस मीटर भरते. १० × १० मीटर जाळीत ती जवळजवळ सगळी येते. हिरवी शेडनेट, जुनी बारीक जाळी किंवा एकमेकींना शिवलेल्या जुन्या साड्या, काहीही चालेल. जाळीचं भोक एक सेंटिमीटरपेक्षा लहान हवं, नाहीतर फूल आरपार जातं. कडेने दर दोन मीटरवर खुंट्या ठोका, जाळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर ताणा आणि मधोमध थोडा झोळ ठेवा, म्हणजे फुलं एका जागी गोळा होतील.

जाळीचं काम बिघडतं ते तीन कारणांनी. ती जमिनीवर सपाट अंथरली की खालून ओल लागते, हवा खेळत नाही आणि दुपारपर्यंत फुलं आंबतात. खोडाला तारेने आवळून बांधली की तार सालीत रुतते. त्यासाठी सुती दोरी वापरा किंवा खोडाजवळही खुंटीच ठोका. तिसरं कारण, हंगाम संपल्यावर जाळी तशीच सोडली की पाखरं आणि साप अडकतात. शेवटचं फूल पडलं की जाळी उतरवा, झटका आणि घडी करून ठेवा.

वेचणी

फुलं पहाटेपासून गळायला लागतात आणि सकाळच्या पहिल्या प्रहरात गळती ओसरते. एका झाडाची गळती साधारण दोन ते चार आठवडे चालते. दहाच्या आत वेचणी उरका. नंतर ऊन चढतं, फूल मऊ पडतं आणि त्यावर मुंग्या येतात.

फांद्या झोडपू नका. गळतो तो फक्त मांसल पाकळ्यांचा गोड पेला. बीजकोश आणि त्याची लांब दांडी देठावरच राहते आणि त्याचंच पुढे फळ होतं. म्हणून आपोआप पडलेली फुलं कितीही वेचली तरी बियांचं उत्पन्न घटत नाही. झोडपलं की न उमललेल्या कळ्या बीजकोशासकट तुटतात. त्या कळ्यांत साखर कमी असते आणि पुढचं फळही गेलं. एका सकाळच्या घाईत दोन्ही हंगामांचं नुकसान होतं.

उजाडण्याआधी एकट्याने जाऊ नका. अस्वलालाही मोह तितकाच आवडतो आणि तेही पहाटेच येतं. या दिवसांत अस्वलाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच वेळच्या. दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत जा. ज्या झाडाखाली अस्वल दिसलं ते झाड त्या दिवसापुरतं सोडून द्या. जाळीबाहेर पडलेली फुलंही उचलायचा अट्टहास नको. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत जंगलात दुसरं फारसं काही खायला नसतं. हरणं, सांबरं, वटवाघळं यांचीही भिस्त मोहावरच असते. त्यातली वटवाघळं तर फुलांच्या परागीभवनाला आणि बी दूर टाकायला झाडाच्या कामी येतात.

वाळवण आणि साठवण

ताज्या फुलात पाणीच जास्त. १० किलो ताजी फुलं वाळून दोन ते अडीच किलो उरतात. वेचल्या दिवशीच पसरा. टोपलीत रात्रभर राहिली की सकाळी आंबूस वास येतो आणि असा माल खायच्या कामाचा राहत नाही.

अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाळवलेल्या फुलांना माती आणि केर चिकटतो. खाण्यासाठी विकायची असतील तर बांबूच्या मांडवावर चटई किंवा स्वच्छ ताडपत्री घालून एका थरात पसरा. दिवसातून तीन-चारदा हात फिरवा. संध्याकाळी गोळा करून झाका, कारण दव पडलं की दिवसभराचं ऊन फुकट जातं. कडक उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. अर्धवट सुकली की तळहातात हलकेच चोळा, म्हणजे आतले पुंकेसर सुटून येतात. ते पाखडून टाका. पुंकेसर राहिले तर खाताना घशाला खवखवतं आणि खाद्य मालाचा भावही पडतो.

वाळल्याची खूण अशी: रंग पिवळसर पांढऱ्यावरून तांबूस तपकिरी होतो, आणि मूठभर फुलं दाबून सोडली तर ती पुन्हा मोकळी होतात. गोळा तसाच राहिला तर अजून एक दिवस द्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते आणि ती हवेतली ओल ओढून घेते. नुसत्या गोणीत भरून भिंतीला टेकवलेली फुलं आषाढात ढेकूळ होतात, बुरशी धरतात आणि अळी पडते. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि बाहेर गोणी असं दुहेरी भरा, दाबून भरा म्हणजे हवा कमी राहील, तोंड घट्ट बांधा आणि लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मृग लागायच्या आत एकदा पुन्हा ऊन दाखवून मगच पिशवी बंद करा. हंगामात सगळेच विकायला काढतात म्हणून भाव दबलेला असतो आणि पुढे चढतो. तो चढलेला भाव घ्यायचा तर माल टिकला पाहिजे, एवढाच या खटाटोपाचा अर्थ.

कायद्याचं थोडक्यात: वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातला इतर माल) गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या समाजांना दिला. मेंढा-लेखासारख्या गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी तो सामूहिक वनहक्काच्या रूपाने मिळवला. मोहफुलं जमवण्यावर आणि नेण्या-आणण्यावर महाराष्ट्रात असलेले निर्बंध २०२१ मध्ये उठले. परवान्याशिवाय दारू गाळणं मात्र गुन्हाच आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे.

खाण्यातला मोह

कच्ची फुलं पोटभर खाल्ली की मळमळतं. म्हणून भाजून किंवा उकडून खायची. लाडवांसाठी २५० ग्रॅम वाळलेली, निवडलेली फुलं, १०० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम शेंगदाणे घ्या. गूळ लागत नाही. फुलं जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाली की कुरकुरीत होतात. हे न कळल्यामुळे लोक भाजत राहतात आणि करपवतात. करपलेली साखर कडू लागते आणि अख्खा घाणा वाया जातो. तीळ, दाणे वेगळे भाजून कुटा. फुलं मिक्सरमधून थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि पुडीऐवजी चिक्कीचा गोळा होतो. सगळं एकत्र करून कढईत मिनिटभर कोमट करा आणि लगेच वळा.

बी: पावसाशी शर्यत

फळं पिकतात मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. कोवळ्या फळांची भाजी होते, पिकलेल्याचा गर गोड लागतो आणि आत एक ते चार चकचकीत तपकिरी बिया असतात. फळाला-बीला विदर्भात टोळ म्हणतात, ठाणे-पालघरकडे मोहट्या किंवा दोडे.

इथे अडचण एकच: फळ पिकतं तेव्हाच पाऊस येतो. बी ओली राहिली, चेचली किंवा गरासकट ढिगात पडून राहिली की तिच्यातलं तेल तिथेच फुटायला लागतं आणि आम्लता वाढते. असं तेल खवट लागतं, साबणात गुठळ्या धरतं आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. घाण्यावर कितीही काळजी घेतली तरी हे परत सुधारत नाही. तेलाची प्रत बी वेचल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच ठरते.

त्यामुळे काम या क्रमाने उरका. रोज पडलेली फळं रोज उचला आणि गर त्याच दिवशी चोळून काढा. बिया धुवून पाणी निथळू द्या. कवच पातळ असतं. लाकडी फळीवर ठेवून दुसऱ्या फळीने हलकेच दाबलं की फुटतं. जोराने ठेचलं तर आतली डाळी चेचते आणि तेच नुकसान होतं. आतल्या दोन डाळ्या सुट्या करून दोन-तीन कडक उन्हं द्या. ऊन नसेल तर चुलीच्या वर दीड मीटरवर बांबूचं माळं करा आणि धूर बाहेर जाईल अशी फट ठेवा. धुराचा वास एकदा बसला की सौंदर्यप्रसाधनाचा व्यापारी तो माल घेत नाही. डाळी वाकवली की कटकन मोडली पाहिजे. चिवट वाकत असेल तर अजून ओली आहे.

तेल काढणं

१०० किलो वाळलेल्या बियांतून सुमारे ७० किलो डाळी निघते आणि डाळीत अंदाजे निम्मं तेल असतं. सगळं हाताला लागत नाही. बियांच्या वजनावर धरलं तर घाण्यावर २० ते ३० टक्के, एक्स्पेलर यंत्रावर ३४ ते ३७ टक्के तेल निघतं. उरलेलं पेंडीत जातं.

डाळी भरड कुटा आणि घाण्यात टाकण्याआधी १५-२० मिनिटं वाफ द्या: पातेल्यात पाणी, वर बांबूची चाळणी, त्यावर फडक्यात भरड. वाफेने आतली प्रथिनं साकळतात आणि तेल सुटं होतं. भरड फार ओली झाली तर घाण्यात ती घसरते आणि फेस येतो. फार कोरडी राहिली तर तिची पूड होते, घाणा तापतो आणि तेल काळपट निघतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इतकीच ओल हवी.

निघालेलं तेल दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं अलगद ओता आणि सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा. मग मंद आचेवर तापवा. तडतड आवाज येतो तो पाण्याचा; आवाज थांबला की उतरवा. हे न केल्यास डब्यात तळाशी पाणी राहतं आणि दोन-तीन महिन्यांत तेल खवट होतं. स्टीलच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरून ठेवा.

थंडीत हे तेल तुपासारखं गोठतं. ती भेसळ नव्हे. मोहाचं तेल २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे डिसेंबरात नंदुरबारला ते गोठलेलंच राहणार.

साबण आणि मलम

शियाच्या लोण्यात स्टिअरिक आम्ल ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात असतं, मोहाच्या तेलात २० ते २५. म्हणून शिया डबीत आपोआप घट्ट राहतो आणि मोहाला मेणाची जोड लागते. फुटलेल्या टाचांसाठी ८० ग्रॅम गाळलेलं ताजं तेल आणि २० ग्रॅम मधमाशांचं मेण हे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, रुंद तोंडाच्या डबीत ओता आणि न हलवता गार होऊ द्या. विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी मेण २५ ग्रॅम आणि तेल ७५ ग्रॅम घ्या.

साबणाला मोजमाप काटेकोर लागतं, तेव्हा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा असल्याशिवाय सुरुवात करू नका. मोहाचं तेल ७५० ग्रॅम, खोबरेल २५० ग्रॅम (फेसासाठी), कॉस्टिक सोडा १३६ ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. सोड्याचं प्रमाण मुद्दाम थोडं कमी धरलं आहे, म्हणजे काही तेल मोकळं राहतं आणि साबण कातडीला जाळत नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, पाण्यात सोडा टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं सोडा खातो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिक घ्या. द्रावण आणि तेल दोन्ही ४० अंशांच्या आसपास आलं की एकत्र करून घोटा. पळीची रेघ वर दिसू लागली की साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेवा. घोटताना मिश्रण एकदम दगडासारखं झालं तर तेल जुनं आणि आम्लट आहे असं समजा. मूळ चूक बी वाळवतानाची असते.

पेंड

मोहाची पेंड कडू आणि विषारी असते, कारण तिच्यात सॅपोनिन हे फेस धरणारं द्रव्य असतं. प्रक्रिया न केलेली पेंड जनावरांना घालू नका. शेतात ती चांगलं खत आहे: तिच्यात नत्र अडीच टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते हळूहळू सुटतं. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळा. ताजी पेंड बियाण्याजवळ पडली तर उगवण बिघडते.

मत्स्यतळ्यात माशांचं बी सोडण्याआधी नको असलेले मासे काढायला हीच पेंड वापरतात. मात्रा एक हेक्टर तळ्याला, एक मीटर खोल पाण्यासाठी, २,५०० किलो. रात्रभर भिजवून तळ्यावर सारखी पसरा. विषाचा परिणाम १५ ते २० दिवसांत ओसरतो आणि पुढे तीच पेंड तळ्याला खत ठरते. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) टाकण्याआधी बारीक जाळीच्या पिंजऱ्यात दहा-वीस मासे एक दिवस ठेवून पाहा. ओढ्यात किंवा नदीच्या डोहात ही पेंड टाकून मासे धरू नका. तिथे नुसते मासेच नाहीत, तर खालच्या वळणापर्यंतचे सगळे जीव मरतात, आणि ते पाणी गाव वापरतं.

नवीन झाड

मोहाची बी जपून ठेवता येत नाही. वाळली की मरते, आणि ताजीसुद्धा काही आठवड्यांत उगवणशक्ती गमावते. घाण्यासाठी वाळवलेल्या ढिगातली बी पेरणं हे हमखास अपयश. चांगल्या झाडाखालची टपोरी, भोक नसलेली फळं निवडा, गर काढा, बी सावलीत एक दिवस ठेवा आणि आठवड्याच्या आत पेरा. ती आडवी, दोन-अडीच सेंटिमीटर खोल जावी. दहा ते पंधरा दिवसांत कोंब येतो.

मोहाचं सोटमूळ रोपाच्या कितीतरी पुढे धावतं. छोट्या पिशवीत ते तळाशी गुंडाळतं, आणि असं रोप लावल्यावर दोन वर्षं जगल्यासारखं वाटून तिसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. किमान ३० सेंटिमीटर खोल पिशवी घ्या. त्याहून बरं म्हणजे जागेवरच पेरणी: ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, निम्मी माती आणि निम्मं शेणखत, दोन बिया, आणि उगवल्यावर जोरदार रोप ठेवून दुसरं काढून टाका. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर हवं. बांधावर लावलं तर शेतातल्या पिकाला सावलीचा त्रास कमी. पहिले दोन उन्हाळे दर आठवड्याला एक घागर पाणी द्या. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण करा आणि शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ते काढू नका.

बीपासून लावलेलं झाड ८ ते १५ वर्षांनी फुलतं, आणि फुलं कमी की जास्त हे तोवर कळत नाही. घाई असेल, किंवा खात्रीचं झाड हवं असेल, तर कलमी रोप घ्या. गुजरातेतल्या गोध्राजवळच्या वेजलपूर फळबाग संशोधन केंद्राने निवडलेली ‘थार मधु’ ही जात कलमानेच वाढवतात.

मोठ्या झाडाचा खरा शत्रू बांडगूळ. फुलटोचे पक्षी त्याची चिकट बी एका फांदीवरून दुसरीवर नेतात. नुसतं बांडगूळ खुडलं तर फांदीत शिरलेल्या मुळातून ते पुन्हा फुटतं, म्हणून ते जिथे चिकटलं आहे तिथून खोडाकडे वीत-दीड वीत मागे फांदीच कापा. हे काम पानगळीच्या सुमारास करा: मोहाची पानं उतरलेली असतात, बांडगूळ हिरवंगार दिसतं आणि खालून मोजता येतं.